लहरींची मालकी कोणाची ?

श्रोतेहो, शेताला बांध असतो, घराला भिंत असते; बिनतारी लहरींना यांपैकीं कांहींच नाहीं. एकाच गांवीं एकाच लहरीवर दोन केंद्रें बोलूं लागलीं, तर ऐकणाऱ्यास एकाचेंही नीट ऐकूं येत नाहीं. म्हणून लहरींची वाटणी कोणी तरी करावीच लागते. ती सरकारनें जनहित पाहून करावी, कीं बाजारानें किंमत पाहून, हा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकेंत १९२६ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, कोणती लहर कोणीं वापरावी हें सांगण्याचा अधिकार कायद्यानें मंत्र्यास दिलेला नाहीं. मग जो तो मनास येईल त्या लहरीवर बोलूं लागला व एकच गोंगाट माजला. तेव्हां १९२७ च्या कायद्यानें मुदतीचे परवाने सुरू केले, मालकी कोणासही दिली नाहीं, आणि जनतेचें हित, सोय व गरज ही कसोटी ठरविली.

पण जनहित ठरवावयाचें कोणीं ? अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनीं १९५९ सालीं आक्षेप घेतला कीं, जमीनही मोजकीच आहे, तरी तिची वाटणी आपण एखाद्या मंडळावर सोंपवीत नाहीं. हक्क स्पष्ट करून विकावे, म्हणजे ज्यास उपयोग अधिक तो किंमतही अधिक देईल. तेथें पहिला लिलाव मात्र १९९४ सालीं झाला.

आपल्याकडे लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. तरी २००८ सालीं ' प्रथम येईल त्यास प्रथम ' या रीतीनें दूरध्वनीचे परवाने वाटले गेले. ती वाटणी मनमानीची ठरवून न्यायालयानें २ फेब्रुवारी २०१२ रोजीं १२२ परवाने रद्द केले. मात्र त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यायालयानेंच सांगितलें कीं, नैसर्गिक संपत्ति देण्याची लिलाव ही एकमेव घटनासंमत रीत नव्हे. याचें मर्म ध्यानांत घ्यावें. वादळाची सूचना किंवा बुडत्या गलबताची हांक यांना बाजारांत गिऱ्हाईक नसतें. म्हणूनच २०२३ च्या दूरसंचार कायद्यांत लिलाव हा नियम असला, तरी संरक्षण, आपत्तिनिवारण, हवामानाचा अंदाज अशा कामांसाठीं अपवाद ठेविले आहेत.

लहर वापरल्यानें झिजत नाहीं. मुदत संपली कीं ती होती तशी परत मिळते. तेव्हां द्यावयाचा तो केवळ वापर. मालकी जनतेकडेच राहते. लिलावांत किंमत सर्वांसमक्ष ठरते, हा त्याचा मोठा गुण. जेथें लिलाव नाहीं, तेथें सरकारनेंही आपल्या निवडीचीं कारणें तितक्याच उघडपणें सांगावीं, एवढा आग्रह आपण धरला पाहिजे.