पेजेचा डबा आणि घामातलं मीठ

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमा होते आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापणीचा हंगाम सुरू होतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि मग माणसांच्या दोन रांगांनी ते ओढायला लागायचं. टाचा वाळूत रोवून माणूस एकेक पाऊल मागे सरकतो. दंड, पाठ, मांड्या सगळ्यांना एकदम ताण. जाळ्यात बांगडा, तारली दिसेपर्यंत अंगातला सदरा पिळून काढण्याजोगा झालेला असतो. मासेमारीचा भर आणि ऑक्टोबरचा उकाडा एकाच वेळी येतो. म्हणूनच किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांनी काय किंवा होडीतून जाळी टाकायला गेलेल्या खलाशांनी काय, दिवसभर काय खावं-प्यावं, हा त्यांच्या तब्येतीशी थेट बांधलेला प्रश्न आहे.

कष्ट करणाऱ्या शरीराला थंड ठेवण्याचं मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर वाळतो तेव्हा शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला तर. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळण्याऐवजी ठिबकून खाली पडतो. पाणी जातं, मीठ जातं, पण अंग काही थंड होत नाही. मग शरीर आणखी घाम काढतं. अशा हवेत जड काम करणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. साठ किलो वजनाच्या खलाशाच्या शरीरातून सव्वा लिटरच्या आसपास पाणी कमी झालं, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, की नाडी वाढते, थकवा लवकर येतो, लक्ष उडायला लागतं. चालू इंजिन, ताणलेला दोर आणि गळाचे काटे हाताशी असताना लक्ष उडणं महागात पडतं.

तहान लागेल तेव्हा पिऊ, हा हिशेब इथे पुरत नाही, कारण भर कामात तहान उशिरा जाणवते. त्यात लहान होडीत लघवीची सोय नसते, म्हणून मुद्दाम कमी पाणी पिण्याची सवय लागू शकते. ही सवय घातक आहे. लघवी वारंवार गडद पिवळी होत राहिली तर मूत्रखड्याचा धोका वाढतो. समुद्रावर लघवीचा रंग हीच सगळ्यात सोपी तपासणी. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय.

पण नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. १९२० च्या दशकात ब्रिटनमधल्या खोल, तापलेल्या कोळसाखाणींत मजुरांच्या हातापायांत असह्य पेटके येत. घाम येतो म्हणून ते भरपूर पाणी पीत, तरी पेटके थांबत नसत. शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी त्यामागचं कारण मांडलं : घामाबरोबर मीठ जातं आणि साध्या पाण्याने उरलेलं मीठही पातळ होतं. पाण्यात थोडं मीठ घालून दिल्यावर मजुरांना आराम पडला. (भारतात येऊन स्थायिक झालेले आणि भुवनेश्वरला १९६४ मध्ये वारलेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे चिरंजीव.) पेटक्यांमागे स्नायूंचा आणि नसांचा थकवाही असतो, हे आता कळलं आहे. मात्र तासन् तास घाम गाळल्यावर मिठाची भरपाई करावी लागते, ही गोष्ट पक्की आहे.

आता कोकणी घरातून भल्या पहाटे निघणारा डबा उघडून पाहावा. उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, सोबत भाजलेला खारा बांगडा किंवा सुकटीची चटणी, नाहीतर लोणच्याची फोड. दिसायला साधं जेवण, पण पाणी, मीठ आणि पिष्ट या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. पेजेत बहुतेक भाग पाणीच असतं. भात तुसासकट उकडून मग वाळवून भरडल्यामुळे तुसाजवळचं ब१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, आणि पिष्टातून ऊर्जा काढायला शरीराला तेच जीवनसत्त्व लागतं.

पाणी, मीठ आणि पिष्ट या तिघांची एकी का महत्त्वाची, ते १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी उलगडलं. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात तेव्हा सोडियमही बरोबर ओढून घेतात, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी शिरतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. तीच आपली जलसंजीवनी. पुढे ग्लुकोजच्या जागी तांदळाचं पीठ वापरून केलेली जलसंजीवनीही कॉलऱ्याच्या रुग्णांवर गुणकारी ठरली. तांदळाचं पिष्ट पचताना ग्लुकोज हळूहळू सुटतं आणि मीठ-पाणी शोषायला मदत करतं. पेजेला औषध म्हणायचं कारण नाही. पण होडीवर बिस्किटाचा पुडा आणि शीतपेयाची बाटली नेणाऱ्या तरुण खलाशाने हे जाणून घ्यायला हवं, की आजीच्या डब्यात त्याच्या कामाला लागणारं नेमकं तेच होतं. शीतपेयात साखर भरपूर असते, मीठ जवळपास नसतंच.

पेज नकोशी झाली तर आगळ आहे. मिठात सुटलेला कोकमाचा हा रस पाण्यात घालून थोडी साखर ढवळली की मीठही मिळतं आणि चवीमुळे पाणी जास्त प्यायलं जातं. तेही नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हींसाठी चहाचाच चमचा. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी मात्र खाऱ्या मासळीचा आणि लोणच्याचा हात आखडता ठेवावा आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

चहाबद्दल उगाच भीती आहे. रोजच्या चहाबाजाच्या अंगातलं पाणी दोन कप चहाने कमी होत नाही. दारूचं तसं नाही. लघवी आवरून धरणाऱ्या संप्रेरकाला ती दाबते, त्यामुळे प्यायल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जातं, आणि होडीवर तोल जातो तो वेगळाच.

चोहीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही समुद्रावरची जुनी व्यथा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाचं मूत्रपिंड तितकी खारट लघवी बनवूच शकत नाही. लिटरभर समुद्र प्यायला तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला दीड लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडतं. गंमत अशी की जाळ्यात तडफडणारा बांगडा आयुष्यभर समुद्रच पीत आलेला असतो. त्याच्या कल्ल्यांमधल्या खास पेशी जादा मीठ बाहेर फेकत राहतात, म्हणून त्याचं रक्त समुद्रापेक्षा कितीतरी अळणी राहतं. १९५२ मध्ये आलँ बाँबार हा फ्रेंच डॉक्टर रबरी होडीतून कॅनरी बेटांहून एकटा निघाला आणि ६५ दिवसांनी बार्बाडोसला पोहोचला. माशांचा रस आणि थोडंथोडं समुद्राचं पाणी पिऊन तगलो, असं त्याने सांगितलं. त्यानंतर काही वर्षांनी हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने छोट्या होडीतून अटलांटिक ओलांडला आणि समुद्राचं पाणी पिऊ नये, असं ठामपणे बजावलं. वैद्यकशास्त्र लिंडेमानच्याच बाजूने उभं आहे.

बांगड्याची आणखी एक गोष्ट होडीवर स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक हवी. जाळ्यातून काढून लगेच तिखल्यात टाकलेला बांगडा उत्तमच. पण तोच उन्हात चार-पाच तास फळीवर पडून राहिला तर जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन या घटकापासून हिस्टामिन हे त्रासदायक द्रव्य तयार करतात. कुपा, तारली यांचंही तसंच. हिस्टामिन शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, अंगावर चट्टे उठतात. माणसाला वाटतं, माशाची अ‍ॅलर्जी झाली. खरा दोष उशिरा घातलेल्या बर्फाचा असतो. हा बर्फ माशांसाठी, पिण्याच्या पाण्यात टाकण्यासाठी नव्हे. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळसर रंगवण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला.

भाताचीही काळजी घ्यावी लागते. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात, आणि भात उबदार हवेत पडून राहिला की वाढून विष सोडतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा गरम केलं तरी नष्ट होत नाही. तेव्हा पेज एकतर कढत असताना थर्मासमध्ये भरावी, नाहीतर सकाळच्या पहिल्या विश्रांतीतच संपवावी.

पहिल्यांदाच गळ घेऊन होडीत बसणाऱ्या शहरी हौशी माणसाची अडचण वेगळी. त्याला बोट लागते. तेलकट नाश्ता करून किंवा अगदी रिकाम्या पोटी निघू नये. सुकी भाकरी, थोडं आलं आणि क्षितिजावर नजर, एवढं पाळलं तर त्रास बराच कमी होतो.

राहता राहिला सामानाचा हिशेब. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेतली 'नायॉश' ही संस्था उन्हातल्या कामासाठी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी सुचवते आणि तासाला सुमारे दीड लिटरच्या वर जाऊ नये, असंही सांगते. तासाला पाऊण लिटर धरलं तरी चार खलाशांच्या आठ तासांसाठी २४ लिटर लागतात, म्हणजे वीस लिटरचा एक कॅन पुरत नाही. इंजिन बंद पडण्याच्या शक्यतेसाठी आणखी एक भरलेला कॅन वेगळा, सावलीत बांधून ठेवावा. आणि खरोखरच होडी भरकटून पाणी मोजून प्यायची वेळ आली, तर सुकट आणि खारी मासळी आधी बाजूला ठेवावी. त्यांतलं मीठ आणि प्रथिनांपासून बनणारा युरिया बाहेर टाकायलाही पाणीच लागतं. अशा वेळी थोडा गूळ, थोडे पोहे यांवर भागवणं सुरक्षित.