पसंतीची वही



संगणकाविषयी मोठमोठ्या गोष्टी ऐकण्याची आपणांस सवय झाली आहे. मी आज एक लहान गोष्ट घेऊन उभा आहे.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध हिशेबनीस आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी हिशेबाच्या प्रोग्राममध्ये अक्षर मोठे करून घेतले, पडद्याचा रंग फिकट पिवळा केला, नेहमीची चार खाती वर आणून ठेवली. यात त्यांचे दोन दिवस गेले. पुढे एका सायंकाळी वीज गेली. ती परत आली तेव्हा प्रोग्राम विकत आणला त्या दिवशीच्या कोऱ्या चेहऱ्याने उभा! हिशेब सारे शाबूत होते. एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. पण दुसरे दिवशी त्या गृहस्थांना काम करता आले नाही, कारण अक्षरच दिसेना.

असे का व्हावे? प्रोग्राम चालू असतो तोवर आपल्या आवडीनिवडी त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात, आणि ती स्मृती वीज जाताच पुसली जाते. म्हणून त्या डिस्कवर एखाद्या फाइलीत उतरवून ठेवाव्या लागतात. या फाइलीचे सर्वांत साधे रूप म्हणजे एका ओळीत एक नाव, मग बरोबरीचे चिन्ह, आणि पुढे किंमत : ‘अक्षर = १८’. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत अशाच साध्या फाइली प्रचारात होत्या. १९९५ च्या विंडोज ९५ पासून ‘रजिस्ट्री’ नावाच्या मध्यवर्ती कोठारावर भर आला. युनिक्सच्या परंपरेत मात्र वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमध्ये टिंबाने आरंभ होणाऱ्या नावांच्या फाइली असतात, आणि त्या सामान्य यादीत दिसत नाहीत. माझे मत विचाराल तर साधी फाइल बरी. बिघडली तर माणसाला डोळ्यांनी वाचून दुरुस्त तरी करता येते.

खरी मेख लिहिण्यात आहे. निष्काळजी प्रोग्राम जुनी फाइल उघडतो, ती रिकामी करतो, आणि मग नवा मजकूर लिहू लागतो. वहीचे जुने पान आधी फाडायचे आणि मग नवे लिहावयास बसायचे, असा हा प्रकार! त्या दोहोंच्या मध्ये वीज गेली तर जुनेही नाही, नवेही नाही. यावर तोड अशी की नवा मजकूर निराळ्या फाइलीत पूर्ण लिहावा, आणि मग तिला जुनीचे नाव द्यावे. चालू यंत्रावर हा नामबदल एकतर पुरा होतो, नाहीतर मुळीच होत नाही.

परंतु एवढ्यानेही भागत नाही. २००९ च्या आरंभी लिनक्सवर ईएक्सटी४ ही नवी फाइल-व्यवस्था वापरू लागलेल्या काही जणांची यंत्रे अचानक बंद पडली. पुन्हा सुरू करून पाहतात तो कित्येक पसंतीच्या फाइली जागच्या जागी, नाव बरोबर, आणि आत शून्य अक्षरे! आधीच्या ईएक्सटी३ मध्ये मजकूर साधारण पाच सेकंदांत डिस्कवर जात असे. ईएक्सटी४ वेग साधण्यासाठी मजकुराला जागा नेमून देण्याचे काम पुढे ढकलत असे. त्यामुळे नामबदल आधी डिस्कवर पोहोचे आणि मजकूर मागे राही. ईएक्सटी४ चे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे पडले की, मजकूर खरोखर डिस्कवर उतरला याची खात्री करून घेण्याची आज्ञा आहे, ती प्रोग्रामने आधी द्यावी आणि मग नाव बदलावे. तत्त्वतः ते बरोबरच होते. तथापि जगातले सारे प्रोग्राम एका रात्रीत कोण सुधारणार? तेव्हा त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तीत अशा प्रसंगी मजकूर आधी उतरवण्याची तजवीज झाली. ती आज्ञा मात्र आजही द्यावी. प्रत्येक फाइल-व्यवस्था इतकी उदार असेल असे नाही.

आता वाचनाकडे. येथे प्रोग्रामने थोडे संशयी असावे. एखादी नोंद सापडली नाही तर तेवढ्याच नोंदीपुरती मूळची किंमत घ्यावी. एका नासक्या आंब्यापायी पेटी फेकू नये. खिडकीची जागा दुसऱ्या पडद्यावर नोंदलेली असेल आणि तो पडदा आता जोडलेलाच नसेल, तर खिडकी उघडूनही दिसत नाही. म्हणून जागा आधी तपासावी. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात. तेथील रीतीने लिहिलेले ‘१,५’ दुसऱ्या रीतीचे यंत्र पंधरा असे वाचू शकते. तेव्हा फाइलीतील आकडे लिहिण्याची पद्धत एकच ठरलेली असावी.

आणि फाइल मुळीच वाचता आली नाही तर? तिच्यावर लागलीच मूळच्या किमती लिहू नयेत. ती बाजूला ठेवावी, आणि तसे वापरणाऱ्यास सांगावे. आमच्या हिशेबनिसांच्या प्रोग्रामने यांपैकी काहीच केले नव्हते.

त्यांनी पुन्हा दोन दिवस खर्चून सारे बसवले. आता टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी असते, जाड शाईने लिहिलेली : अक्षर १८, रंग पिवळा, खाती चार.