जडसंग्रहातली जोखीम

संपादकांना ‘सुरक्षित विद्यापीठ’ अशा मथळ्याचा लेख हवा होता, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या अंकासाठी. त्यात लाल अग्निशमन नळकांडी असावीत, हिरव्या बाणांचे फलक असावेत, पांढऱ्या कोटातली दोन मुलं असावीत. ते सगळं तासाभरात मिळालं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचा हा रसायनशास्त्र विभाग. नाव छापायचं नाही, या अटीवरच मला आत सोडलं होतं. विभागाच्या स्मरणिकेत स्थापनेची हकिगत, कुलगुरूंचे संदेश, पीएच.डी.ची यादी आणि आलेल्या निधीचे आकडे आहेत. सुरक्षिततेवर एकच परिच्छेद आहे, तोही ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेसाठीच्या अहवालातून जसाच्या तसा उचललेला.

मी अडकले ती स्टोअरमध्ये. तिथले प्रयोगशाळा परिचर, ज्यांना प्राध्यापकांपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळे मामा म्हणतात, एका बाटलीला पाणी पाजत बसले होते. तपकिरी काचेची, शंभर ग्रॅमची बाटली. लेबल करपल्यासारखं झालेलं, तरी ‘पिक्रिक ॲसिड’ एवढं वाचता येत होतं.

“मॅडम, जरा तिकडं सरका,” ते म्हणाले, “आणि फोन टेबलावर नका ठेवू, सगळं ओलं हाय.”

त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि झाकणाच्या आट्यांमध्ये पिवळे कण दिसतात का ते पाहिलं. मग मानेभोवती ओलं फडकं गुंडाळून थोडा वेळ तसंच राहू दिलं. झाकण प्लॅस्टिकचं. ते सावकाश फिरवलं, ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटर सोडलं, काच ओल्या फडक्याने पुसली, झाकण लावलं, बाटली एकदा उलटी करून सुलटी केली आणि लाकडी फळीवर ठेवली. शेजारची सगळी रॅक लोखंडी आहेत, ही एकच फळी लाकडाची. बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर बॉलपेनाने तारखा लिहिल्या आहेत, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. त्यात आजची भर पडली.

या प्रत्येक हालचालीला कारण आहे. पिक्रिक ॲसिड ओलं असेपर्यंत गरीब असतं. सुकलं की ते स्फोटक होतं, आणि घर्षण किंवा धक्का त्याला पुरतो. धातूशी संयोग होऊन जे पिक्रेट क्षार बनतात, ते मूळ पदार्थाहूनही नाजूक. म्हणून झाकण पत्र्याचं चालत नाही, चमचा स्टीलचा चालत नाही. एके काळी तोफगोळ्यांत हेच भरत असत. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ‘मों-ब्लां’ हे जहाज फुटलं आणि शहराचा मोठा भाग भुईसपाट झाला. त्या जहाजावरच्या दारूगोळ्यात पिक्रिक ॲसिडचा वाटा मोठा होता.

आणि हाच पदार्थ बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात असतो. नॅप्थलीनचं पिक्रेट करून त्याचे पिवळे सुईसारखे स्फटिक ज्यांनी गाळले आहेत, त्यांची बोटं दोन दिवस पिवळी राहिलेली त्यांना आठवत असतील. प्राणिशास्त्रवाले ऊती टिकवण्यासाठी बूआंचं द्रावण करतात, त्यातही पिक्रिक असतं. जुन्या विज्ञान महाविद्यालयात एखादी बाटली असणारच, असं समजून चालावं. कधी तरी घेतलेली, अर्धी वापरलेली, मग अभ्यासक्रम बदलल्यावर मागे सरकलेली. ऑर्गॅनिकच्या टेबलावर नारिंगी साका देणारं २,४-डीएनपीही याच जातीचं. २०१६ साली ब्रिटनमध्ये शाळांना आपापली कपाटं तपासायला सांगितलं गेलं, तेव्हा या रसायनाच्या सुकलेल्या बाटल्यांसाठी लष्कराच्या बॉम्बनाशक पथकांना शेकडो शाळांत जावं लागलं. आपल्याकडे अशी तपासणी अजून व्हायची आहे.

मामांना हे सगळं एका प्राध्यापकांनी शिकवलं. ते केव्हाच निवृत्त झाले. त्यांनी दिलेली कागदाची चिठ्ठी मामांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. विभागाच्या कुठल्याही अधिकृत कागदावर या बाटलीबद्दल काय लिहिलं आहे, ते मी विचारलं. मामांनी रजिस्टर काढलं.

रजिस्टर पाहण्यासारखं आहे. लाल कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं. रकाने असे: तारीख, पुरवठादार, बिल क्रमांक, नग, दर, एकूण, खर्ची, शिल्लक, शेरा. पिक्रिक ॲसिडच्या ओळीत शेऱ्याचा रकाना कोरा आहे. सायनाइडच्याही. या रजिस्टरला वस्तूची किंमत कळते, स्वभाव कळत नाही. ते बनलंच आहे पैशाचा हिशेब लागावा म्हणून. लेखापरीक्षक येतो, नग मोजतो. बाटली जागेवर असली की तो समाधानी. बाटली नसली, तर आक्षेप. बाटली टाकून दिली म्हणाल, तर वापरायची नव्हती तर घेतली कशाला, हा दुसरा आक्षेप. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची बाटली ठेवणं सोपं आणि घालवणं अवघड. आपल्या विद्यापीठांतली निम्मी जोखीम मला या एका गोष्टीत दिसते, आणि तिचा रसायनशास्त्राशी फारसा संबंध नाही.

उपकरणांसाठी वेगळं रजिस्टर असतं, डेड स्टॉक म्हणजे जडसंग्रहाचं. तिथे उलटा प्रकार. वापरात नसलेलं यंत्र जागा अडवतं, म्हणून अधूनमधून समिती बसते, यादी होते, निर्लेखन होतं, लिलाव होतो. या कारभारातून काय घडू शकतं, ते दिल्ली विद्यापीठाने २०१० साली दाखवलं.

तिथल्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडाहून गॅमासेल २२० हे यंत्र घेतलं होतं. आत कोबाल्ट-६०, भोवती शिशाचं जाड कवच. नमुना आत ठेवायचा, गॅमा किरणांचा मारा करायचा, बाहेर काढायचा. १९८५ नंतर ते कुणी वापरलं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर भंगाराबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथे शिशासाठी ते फोडलं गेलं. कोबाल्टचे तुकडे हातोहात फिरले. एका दुकानदाराने त्यातला एक चक्क पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसं दवाखान्यात येऊ लागली. कुणाची कातडी काळवंडलेली, कुणाचे केस गळलेले. एक कामगार दगावला, आणखी काही जणांनी किरणोत्साराचे गंभीर परिणाम भोगले. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही दुर्घटना चौथ्या पातळीची ठरली.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. म्हणजे बेचाळीस वर्षांत त्याची धग आठ वेळा निम्मी झाली होती, मूळच्या साधारण अडीचशेव्या हिश्शावर आली होती. तेवढीही एका माणसाला पुरली. निर्लेखन समितीतल्या कुणाला हे माहीत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही. रसायनशास्त्राच्या विभागात कोबाल्ट-६० म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण यंत्र वापरणारी माणसं गेली होती, आणि कागदावर उरलं होतं ते एक जुनं अवजड उपकरण. अणुऊर्जा नियामक मंडळाने मग विद्यापीठाची किरणोत्सारी पदार्थ वापरण्याची परवानगी स्थगित केली. हे मंडळ आपल्या मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. किरणोत्सारी स्रोत ठेवणाऱ्या संस्थेत त्याची जबाबदारी नावानिशी एका प्रशिक्षित अधिकाऱ्यावर असावी लागते आणि स्रोताचा हिशेब मंडळाला द्यावा लागतो.

बाटल्यांना असा वाली नाही. कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत १९४८ चा कायदा होता. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, घातक प्रक्रियांसाठी त्यात आख्खं नवं प्रकरण घातलं गेलं. सुरक्षा अधिकारी, कामगारांची वैद्यकीय तपासणी, धोक्याची माहिती देण्याचं बंधन, सगळं त्यात होतं. पण तो कायदा उत्पादनाच्या जागेसाठी होता. विद्यापीठात उत्पादन होत नाही, पदव्या होतात. एमआयडीसीतल्या कामगाराला टोल्युइनच्या पिंपाबद्दल जे सांगणं मालकावर बंधनकारक आहे, ते एम.एस्सी.च्या मुलीला तिचा मार्गदर्शक सांगेलच, याची हमी नाही. त्यात संशोधनाचं काम कारखान्याहून बेभरवशाचं. कारखान्यात तीच प्रक्रिया रोज होते, इथे रोज नवी. ५ डिसेंबर २०१८ रोजी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे देशातल्या पहिल्या रांगेतल्या संस्थेत, प्रयोगशाळेत स्फोट होऊन एक संशोधक मृत्युमुखी पडला आणि तिघे जखमी झाले.

मामांचा दिवस मात्र फ्यूम हूडपासून, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापासून, सुरू होतो. विभागात तीन आहेत. कुठलीही बाटली उघडण्याआधी, सकाळी, मामा प्रत्येक हूडच्या तोंडाशी उदबत्ती धरतात. धूर सरळ आत ओढला गेला तर ठीक. रेंगाळला तर पंख्याचा पट्टा सैल. बाहेर आला तर त्या हूडला ‘बंद’ची पाटी. हवा आत ओढली जाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो मोजायचं यंत्र विभागाकडे होतं, ते दुरुस्तीला गेलं ते गेलंच. मी होते त्या दिवशी तिसऱ्या हूडला ‘बंद’ची पाटी होती आणि आत कुणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली होती. मामांनी ती बाहेर काढली, कुणाची हे न विचारता. ही माणसं किती शिव्या गिळतात याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नसतो.

आता खरी अडचण. समजा, विभागाने ठरवलं की जुनं सगळं रीतसर घालवायचं. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम आहेत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे असा कचरा घेणारी केंद्रं आहेत. पण ही व्यवस्था बेतलेली आहे कारखान्यांसाठी. कारखाना एकाच प्रकारचा गाळ टनावारी देतो. विभागाकडे दोनशे प्रकारचं दोनशे-दोनशे ग्रॅम असतं. आधी मंडळाची परवानगी, मग केंद्राचं सभासदत्व, मग अधिकृत वाहन, मग प्रत्येक पदार्थाची माहिती. विभागप्रमुखांनी मला फाईल दाखवली. वित्त विभागाने तीवर विचारलं होतं की हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा. रसायनं विकत घ्यायला शीर्ष आहे, घालवायला नाही. फाईल तिथेच आहे.

त्याहून वाईट म्हणजे बिननावाच्या बाटल्या. पीएच.डी. संपवून मुलं जातात, त्यांची संयुगं मागे राहतात. लेबलावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं आणि आकडा. कुणी आता हैदराबादेत औषध कंपनीत आहे, कुणी जर्मनीत. आत काय आहे ते त्यांच्या वहीत, आणि वही त्यांच्याबरोबर गेलेली. काय आहे हे सांगितल्याशिवाय केंद्र घेत नाही, आणि शोधून काढायला पैसे नाहीत. मामांनी अशा बाटल्या एका वेगळ्या कपाटात कोंडल्या आहेत. मी मोजायला लागले आणि दुसऱ्या खणात सोडून दिलं.

जे बाटलीत राहत नाही ते सिंकमध्ये जातं. काचसामान धुवायचं क्रोमिक ॲसिड वर्षानुवर्षं असंच गेलं. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. आवारात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, वसतिगृहांसाठी बांधलेलं. ते जिवाणूंच्या जिवावर चालतं आणि त्या जिवाणूंना क्रोमियम सोसत नाही. विभागाचं सिंक त्या केंद्राला जोडलं आहे की थेट नाल्याला, हे सांगणारा नकाशा अभियंता कक्षात मिळाला नाही. नॅकच्या अहवालात घातक रसायनं आणि किरणोत्सारी कचऱ्याची व्यवस्था काय, असा प्रश्न असतो. विभागाने उत्तर दिलं आहे: योग्य ती काळजी घेतली जाते.

ती काळजी म्हणजे मामा. ते येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतात. जागा भरली जाईल का, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. कंत्राटावर माणूस येईल आणि अकरा महिन्यांनी बदलेल, अशी चर्चा आहे. मी मामांना विचारलं, चिठ्ठी कुणाला देणार? “देणार कुणाला? तिथंच ऱ्हाऊ द्यायची,” ते म्हणाले. “फकस्त कपाट बदललं तर पंचाईत.”

हे वाचणाऱ्यांत कुणी विभागप्रमुख किंवा प्राचार्य असतील, तर विनंती एवढीच. तुमचे मामा निवृत्त होण्याआधी दोन दिवस काढा आणि त्यांच्याबरोबर स्टोअरमध्ये उभे राहा. प्रत्येक बाटलीपुढे शेऱ्याच्या रकान्यात तिचा स्वभाव लिहा, तिला काय चालत नाही ते लिहा. पीएच.डी.च्या मुलाचं ना-हरकत पत्र त्याच्या बाटल्यांची यादी हातात आल्याशिवाय देऊ नका. आणि पिक्रिक ॲसिडची जुनी बाटली सापडली, तिच्या झाकणाशी पिवळे कण दिसले, किंवा आतलं द्रव्य कोरडं वाटलं, तर झाकणाला हात लावू नका, बाटली हलवू नका. खोली बंद करा आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवा.