एकमुखी हुकूम आणि बहुमुखी मसलत : मावळच्या मुलखातील काही अनुभव

कचेरीत, कारखान्यात किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळात कोणताही महत्त्वाचा प्रश्न उपस्थित झाला, की आपल्याकडे दोन तक्रारी हटकून ऐकू येतात : एक, साहेब कोणाला विचारीत नाहीत; आणि दुसरी, नुसत्या बैठका होतात, निर्णय मात्र कोणी घेत नाही. या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच मुखातून आणि एकाच आठवड्यात बाहेर पडतात. त्यांचा निवाडा करण्यासाठी परदेशी व्यवस्थापनशास्त्राचे ग्रंथ धुंडाळण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. परंतु बोरघाटाच्या माथ्यापासून तळेगावापर्यंत पसरलेल्या मावळच्या चिंचोळ्या पट्ट्यात या विषयाचे इतके प्रयोग होऊन गेले आहेत, की जिज्ञासूस लोणावळ्याच्या पुढेमागे फारसे जावे लागू नये.

प्रारंभ गडांपासून करावा. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची या किल्ल्यांना पर्यटक आज चढणीच्या जागा समजतात. पण शिवकाळात त्या चोवीस तास चालणाऱ्या कचेऱ्याच होत्या. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या गडकारभाराचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यानुसार प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अंमलदार असत, ते समान दर्जाचे मानले जात आणि कारभार तिघांनी एकविचाराने करावा असा दंडक होता. कोठाराचा व सामानसुमानाचा हिशेब कारखानिसाकडे असे. या योजनेचा एक हेतू उघडच संशयाचा होता : एक मनुष्य फितूर झाला, तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये. परंतु तेवढ्यावर थांबणारे तिचे मर्म ओळखत नाहीत. हजेरीपट व दफ्तर सबनिसाचे, शिबंदी सरनोबताची, दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या. म्हणजे मसलत तिघांची असली तरी पहाटे दरवाजा का उघडला नाही याचा जाब सबनिसाला विचारण्याची सोय नव्हती. अधिकार समान, पण काम निरनिराळे आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. सामुदायिक कारभाराचे इतके नेटके उदाहरण पुढे फारसे आढळत नाही.

नेमक्या उलट जातीचा प्रयोग सुमारे शंभर वर्षांनी, याच गडांच्या पायथ्याशी, मुंबईकर इंग्रजांनी केला. आणि तो विस्ताराने सांगण्यासारखा आहे. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी १७७८ च्या अखेरीस मुंबईहून सुमारे ३,९०० माणसांची फौज निघाली. तिचे सेनापतिपद कर्नल एगर्टन यांच्याकडे होते. परंतु मुंबईच्या कौन्सिलाचा एका माणसावर विश्वास नसल्यामुळे म्हणा, किंवा यशाचा वाटा प्रत्येकास हवा असल्यामुळे म्हणा, मोहिमेची मुखत्यारी एगर्टन, जॉन कार्नॅक आणि टॉमस मॉस्टिन या त्रिवर्गाच्या समितीकडे सोपविण्यात आली. गडावरही तिघेच होते, हे खरे. पण तेथे तिघांना तीन कामे होती, आणि येथे तिघांना मिळून एकच काम होते, ते म्हणजे हुकूम देणे. परिणाम ठरलेलाच होता. खंडाळ्याच्या माथ्यापासून तळेगाव अवघे वीस मैलांच्या आसपास. तेवढ्यासाठी पंधरवड्याहून अधिक काळ लागला. मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतले आणि १ जानेवारी १७७९ रोजी निवर्तले. ४ तारखेस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपले लोक ‘इष्टुर फाकडा’ म्हणत, तोफेच्या माऱ्याने ठार झाला. एगर्टन प्रकृतीच्या कारणाने सेनापतिपद सोडून मोकळे झाले आणि ते कर्नल कॉकबर्न यांच्या गळ्यात पडले, तथापि एगर्टन यांचे समितीतील आसन कायमच राहिले.

९ जानेवारीस फौज तळेगावात पोहोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून टाकलेले होते. पुणे अवघ्या दोन मजलांवर. पुढे जावे तर दाणागोटा नाही, मागे फिरावे तर नामुष्की. अशा प्रसंगी एकाने छातीवर हात ठेवून काही ठरवावयाचे असते. समितीने दोन दिवस विचार करून माघारीचा ठराव केला. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलण्यात आल्या, सामानास आग लावण्यात आली, आणि गुपचूप निघालेल्या फौजेस पहाटेपूर्वीच मराठी स्वारांनी घेरले. कॅप्टन हार्टले याने पिछाडी शर्थीने सांभाळली. परंतु पिछाडी सांभाळून मोहिमा जिंकता येत नाहीत. वडगाव येथे फौज अडकली आणि तहाच्या शर्तींवर सह्या झाल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या विलायतेतील संचालकांनी मागाहून कार्नॅक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांनाही बडतर्फ केले. तीन माणसांत वाटलेली जबाबदारी कोणा एकाची नसते, म्हणून शिक्षेच्या वेळी ती सर्वांवर सारखी येते, हा कंपनीचा न्याय म्हटला तर चोख आणि म्हटला तर गमतीचाच होता.

समोरचा पक्ष तरी एकमुखी होता काय? मुळीच नाही. पुण्याचा कारभार बारभाईंचा, म्हणजे शब्दशः अनेकांचा. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्यात प्रेमाचे भरते आलेले नव्हते. वडगावच्या तहातही महादजींनी भडोचच्या बाबतीत आपला स्वतंत्र लाभ पदरात पाडून घेतलाच. पण मैदानावर प्रत्येकाची फौज निराळी, बाजू निराळी, आणि शत्रूस अन्न मिळू द्यावयाचे नाही हा बेत सर्वांचा एक. हेतूवर एकमत आणि अंमलबजावणीत विभागणी असली, की मने जुळली नाहीत तरी काम होते. मात्र बारभाईंचे पुढे काय झाले तेही विसरता येत नाही. त्याच वर्षी सखारामबापू बोकील कैदेत पडले आणि कारभार हळूहळू नाना फडणविसांच्या एकट्याच्या मुठीत आला. नानांची बुद्धी असामान्य खरी. पण त्यांच्यामागे त्या बुद्धीची जागा घेईल असे मंडळ उरले नाही, हा एकाधिकाराचा दोष १८०० नंतर साऱ्या राज्याने भोगला.

बोरघाटातील आगगाडीच्या रस्त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. विल्यम फॅव्हिएल हा कंत्राटदार सर्वाधिकारी होता. हाताखालच्या उपकंत्राटदारांनी मजुरांचे पैसे थकविले आणि १८५९ च्या आरंभी दंगल उसळली, तेव्हा त्याला कंत्राट सोडावे लागले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल घाटात पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच मरण पावला. त्याची विधवा ॲलिस हिने कंत्राट टाकून न देता ॲडमसन व क्लाउसर या अनुभवी इंजिनिअरांच्या स्वाधीन काम केले, आणि १८६३ मध्ये घाट गाडीस खुला झाला. नाव तिचे, तंत्र त्यांचे : ही व्यवस्था फॅव्हिएलच्या एकछत्री अमलापेक्षा खचितच टिकाऊ ठरली.

तळेगावचा पैसा फंड काच कारखाना हा या विषयातील आपला सर्वांत जिव्हाळ्याचा अध्याय होय. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ च्या सुमारास काचेची भट्टी पेटली. मालकी हजारो अनाम वर्गणीदारांची, म्हणून कारभार मंडळाचा. परंतु काचविद्या जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताशिवाय भट्टी चालणे शक्य नव्हते. काचकाम जवळून पाहिलेल्यास यातील भेद उमजेल. फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या रसाचा गोळा घेतला, की तो लोंबकळण्यापूर्वी फिरवीत राहावे लागते. एक गोळा उचलतो, दुसरा फुंकतो, तिसरा साच्यात धरतो, आणि चौथा तयार चिमणी सावकाश निवण्यासाठी दुसऱ्या भट्टीत नेऊन ठेवतो. या साखळीत मतदानाला अवकाश नाही. ज्याच्या ओठाला फुंकणी, त्याचा शब्द. वाळू कोठून आणावी, शिकाऊ मुले किती घ्यावीत, दिव्याच्या चिमण्या कराव्यात की बाटल्या, हे मात्र मंडळाने ठरवावयाचे. वार्ष्णेय पुढे संयुक्त प्रांतात गेले, तेथे स्वतःचा कारखाना काढला. आणि तळेगावची भट्टी तरीही विझली नाही, कारण तेथे शिकलेल्या मुलांचे हात तयार झाले होते. लोणावळ्याच्या कैवल्यधामाविषयीही हेच म्हणता येईल : स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये एकट्याच्या निर्धाराने ते उभारले, १९६६ मध्ये ते गेले, आणि संस्था आजही नांदते आहे.

आता तळेगाव औद्योगिक वसाहतीच्या काळात यावे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची, कामगारांची संख्या मालकपक्षापेक्षा कमी नसेल अशी, ‘वर्क्स कमिटी’ नेमविण्याची तरतूद केली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग मार्गदर्शक तत्त्वांत आणला. कागद उत्तम आहेत. पण अशी समिती पुष्कळ ठिकाणी चहा, पाणी आणि उपाहारगृहातील भाजी यांच्यापलीकडे जात नाही, आणि जिथे उत्पादनाचा वेग वा यंत्राची जागा ठरते तिथे तिला बोलावलेच जात नाही, असे आमचे मत आहे. एकटा साहेब चुकतो तेव्हा निदान कोण चुकले ते कळते, म्हणून तोच बरा, असे म्हणणारे व्यवहारी गृहस्थ आम्हांस भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, पण फॅव्हिएलच्या मजुरांनी दगड उचलले तेव्हा कोण चुकले हे कळण्यास उशीर झालेला होता.

दिवाळीची सुट्टी आटोपून जे वाचक आपापल्या कारखान्यांत, पतपेढ्यांत आणि संस्थांत परततील, त्यांना एवढीच विनंती आहे : पुढील बैठकीच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे एक जादा रकाना आखावा, त्यात त्या ठरावाचा जाब देणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव लिहावे, आणि तो रकाना ‘कार्यकारी मंडळ’ असे लिहून भरू देऊ नये.