पाकटीच्या कडेवरचे दात

मादी वाळूला घट्ट चिकटून बसली होती. नराला हवी असते तिच्या चपट्या अंगाची मागची कड, आणि ती वाळूत रुतलेली असली की चावा बसत नाही. ठाण्यातल्या एका हौशी मत्स्यपालकाच्या सिमेंटच्या टाकीत, काठावरून हे पाहत होतो. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या या गोड्या पाण्यातल्या पाकटी मूळच्या ब्राझीलच्या शिंगू नदीतल्या. शास्त्रीय नाव पोटामोट्रायगॉन लिओपोल्डी.

नर वरून सरकला. तिने अंग फडकवलं, वाळू उसळली आणि ती कोपऱ्यात गेली. पुन्हा पाठलाग. अखेर कड दातांत सापडली आणि पुढचं सगळं झटक्यात झालं. पकड न सोडता तो तिच्या खाली सरकला, पोटाला पोट भिडलं. नराच्या शेपटीच्या मुळाशी क्लास्पर नावाचे दोन लांबट अवयव असतात. त्यांतला एकच आत जातो. तेवढ्यात दुसऱ्या नराने येऊन पहिल्याच्या कडेचा चावा घेतला. पहिला हटेना, तेव्हा दुसऱ्याचा मोर्चा मादीकडे वळला.

ती निसटली तेव्हा कडेवर अर्धगोल जखमा दिसत होत्या, काही ताज्या, काही भरून आलेल्या. मादी नराहून मोठी असते, तरी हे दात तिला सोसावेच लागतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात आढळणाऱ्या अटलांटिक पाकटीच्या नरांना तर विणीच्या हंगामात टोकदार दात येतात आणि हंगाम सरला की पुन्हा बोथट. 1996 मध्ये हे संशोधनातून पुढे आलं. दात केवळ खाण्यासाठी नाहीत, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

गर्भ राहिला तरी नर पिच्छा सोडत नाहीत. पिल्लं पोटातच वाढतात, गर्भाशयातल्या तंतूंतून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर. अशा दिवसांत तिला उसंत हवी. नदीत ती दूर निघून जाऊ शकते. टाकीत चार भिंतींपलीकडे जागाच नाही. दोन-तीन नर एकाच मादीमागे लागले की ती खाणं सोडते, जखमा चिघळतात.

2022 मध्ये पनामात भरलेल्या साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराच्या परिषदेने शिंगूतल्या या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणला. पण टाकीतल्या मादीची काळजी पाळणाऱ्यालाच घ्यावी लागते. एका टाकीत एकच नर ठेवा, माद्या जास्त ठेवा, मादी गाभण दिसली की नर वेगळा करा. वेगळी टाकी ठेवायला जागा नसेल, तर नर-मादी एकत्र आणूच नका.