कर्करोगाचा पैसा अणूच्या खात्यात

परळच्या टाटा रुग्णालयाला सरकारचे कोणते खाते अनुदान देते? आरोग्य? छे, अणुऊर्जा! १९४१ साली टाटा विश्वस्तांनी उघडलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. किरणोपचार म्हणजे अणूचेच कर्तृत्व, हे होमी भाभांनी ओळखले होते.

धोतराची घट्ट गाठ रोज कमरेवर घासूनही कर्करोग होतो, हे डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये दाखवले. परदेशी प्रयोगशाळेला हे सुचले असते का?

शिरूर माझे आजोळ. तिथल्या माजघरात आधी मिश्रीची डबी उघडे, मग चूल पेटे. मावशी तोंडाच्या कर्करोगानेच गेली. म्हणून बार्शीचे मला अप्रूप: १९८७ पासून तेथे खेडोपाडीच्या रोग्यांची नोंद होते, भारतातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी.

अणुऊर्जेचे अनुदान लोकसभेत मतास येते, पुष्कळदा चर्चेवाचूनच. शिरूरचे खासदार आणि दौंड ज्यात मोडते त्या बारामतीचे खासदार तेव्हा कर्करोगावरही मत देत असतात. शिरूरकर उमेदवाराला पाण्याचे विचारतात, दौंडकर रेल्वेगाड्यांचे. या अनुदानाचे कुणी विचारल्याचे अजून माझ्या कानी आलेले नाही.