पोपटीतल्या अंड्याचं पुढे काय होतं?

थंडीत पालीच्या शेतांत संध्याकाळी पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा आणि अंडी, भोवती जाळ. आपण खाऊन उठतो, तेव्हा यकृताचं काम सुरू होतं.

अंड्यातून मेथिओनिन हे अमिनो आम्ल मिळतं. ही जणू भरलेली वाटी. तिच्यात असतो मिथिल: एक कार्बन, तीन हायड्रोजन. डीएनएवर खुणा करण्यासारख्या कामांना शरीर तो वापरतं. उरते रिकामी वाटी, होमोसिस्टीन. शेजारची वाटी रिकामी परत पाठवू नये, तसंच इथेही. ती पुन्हा भरावी लागते.

भरण्याच्या वाटा दोन. एकीला फोलेट आणि बी-१२ लागतं. दुसरी मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात चालते. अंड्यातल्या कोलीनपासून बीटेन बनतं आणि बीएचएमटी नावाचं विकर बीटेनमधला मिथिल उचलून वाटीत घालतं.

हे विकर अभ्यासायला दर वेळी यकृत कुठून आणणार? म्हणून या विकराचं माणसातलं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात. बी परकं, शेत जिवाणूचं, पीक मात्र माणसाच्या विकराचं!

वाटी भरण्याची पहिली, बी-१२ची वाट आपल्याकडे अनेकदा अडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून जवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. त्यांतल्या बहुतेकींत बी-१२ कमी आढळलं. वालात ते नसतं. अंड्यात, दुधात असतं. पोपटीत अंडं हवंच, ते यासाठीही.